मांडूचा सुलतान आधी नोकर होता का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस पडायला लागला की इंदूरचे लोक मांडूला निघतात, आणि तिकडून आले की आमच्याकडे प्रश्न येतात, हे दरवर्षीचंच आहे. यंदा मात्र प्रश्न जरा वेगळे आले. मागच्या अंकात मी मांडूवर छोटंसं टिपण लिहिलं होतं, त्यात एक ओळ अशी होती की दिलावर खान हा आधी दिल्लीच्या सुलतानाचा माळव्यातला सुभेदार होता आणि मग स्वतःच तिथला राजा झाला. त्या एका ओळीवरूनच बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यातले पाच प्रश्न इथे घेतोय. पहिल्याला जागा जास्त लागणार आहे कारण तो आपल्या घराजवळचा आहे.

प्रश्न : काका, फॅमिलीला घेऊन मांडूला गेलो होतो. गाईडनेही तेच सांगितलं की दिलावर खान माळव्याचा गव्हर्नर होता. माझा मुलगा सातवीत आहे, त्याने विचारलं की बाबा नोकर राजा कसा काय झाला, दिल्लीवाल्यांनी त्याला पकडलं का नाही? मला काही सांगता आलं नाही. सोपं करून सांगाल का? (एक वाचक, सुदामा नगर)

दादा, मुलाने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. त्याला आधी एवढं सांगा की १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या ऐनुलमुल्क मुलतानी नावाच्या सरदाराने माळवा जिंकला आणि तेव्हापासून धार हे दिल्लीच्या माणसाचं पोस्टिंगचं ठिकाण झालं. मांडू नाही हं, धार. मांडू नंतर आलं.

आता हे पोस्टिंग चालायचं कसं? सुलतान एखाद्याला प्रदेश द्यायचा, त्याला इक्ता म्हणायचे आणि तो सांभाळणाऱ्याला मुक्ती किंवा वली. त्याने तिथला महसूल गोळा करायचा, त्यातून स्वतःचा खर्च आणि ठरलेल्या फौजेचा पगार काढायचा आणि वर जे उरेल ते दिल्लीला पाठवायचं. उरलेल्या पैशाला फवाजिल असा शब्द होता. म्हणजे सगळा खेळ त्या उरलेल्या पैशाचा! किती जमलं आणि किती खर्च झालं हे जो सांगतो तोच पैसे ठेवून घेणारा असेल तर उरलं किती हे कळणार कसं, म्हणून दिल्लीहून हिशेब बघायला वेगळी माणसं यायची, शिवाय बातम्या कळवणारे बरीद असायचे जे मुक्तीच्या हाताखाली नसत, सरळ सुलतानाला लिहायचे. अलाउद्दीनच्या काळात तर गावच्या पटवाऱ्याची वही मागवून तिच्याशी अंमलदाराचा आकडा ताडून बघायचे आणि टंका टंका (टंका म्हणजे तेव्हाचं नाणं) वसूल करायचे. बरनी हा त्या काळाबद्दल लिहिणारा इतिहासकार, तो म्हणतो की महसूल खात्यातल्या माणसाला लोक मुलगी देईनासे झाले, ती नोकरी तापापेक्षा वाईट समजायचे.

पण हे सगळं दिल्ली जागी असेपर्यंत. अंतर बघा ना. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास धारहून गेला, त्याने लिहिलंय की दिल्ली ते धार २४ दिवसांचा रस्ता आहे आणि रस्त्यात खांब आहेत ज्यांवर अंतराचे आकडे कोरलेत. आज आपण गंगवाल बस स्टँडवरून धारची बस धरतो आणि दोनेक तासांत पोचतो, त्यामुळे हे २४ दिवस डोक्यात नीट उतरत नाहीत. साध्या प्रवासाचे चोवीस दिवस जायला आणि चोवीस यायला, म्हणजे धारमध्ये आज कुणावर अन्याय झाला आणि त्याने दिल्लीत दाद मागायची ठरवली तर उत्तर यायला दीड महिना आरामात, तेही कुणी ऐकून घेतलं तर.

इब्न बतूताने धारची अजून एक गोष्ट लिहिलीये ती मला फार आवडते. तेव्हा धार शेख इब्राहीम नावाच्या माणसाकडे होतं, मूळचा मालदीवचा. गावाबाहेरच्या पडीक जमिनीत त्याने खरबुजं लावली, ती आसपासच्या कुठल्याही खरबुजांपेक्षा गोड निघायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो जेवू घालायचा. पुढे त्याने दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याच्याकडे जाऊन साठलेली मोठी रक्कम समोर ठेवली आणि म्हणाला, अन्नछत्रातून हे उरलं, यावर खजिन्याचा हक्क जास्त. सुलतानाने पैसे घेतले पण त्याला ते आवडलं नाही, की एवढे उरलेच कसे, लोकांना जेवू घालण्यात खर्च का नाही झाले!

आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच त्याच धारमध्ये काय झालं ते वाचलं की अंगावर काटा येतो. महंमद तुघलकाने अझीझ खम्मार याला माळव्यावर नेमलं. त्या काळी अमीरान-इ-सदा म्हणून छोटे अधिकारी असायचे, साधारण शंभर गावांचे किंवा शंभर स्वारांचे प्रमुख, आणि सुलतानाला त्यांचा संशय होता. अझीझने त्यांच्यातल्या ८० च्या वर लोकांना धारला पकडून वाड्यासमोर मारून टाकलं, आणि सुलतानाने त्याबद्दल त्याला शाबासकी आणि मानाचा पोशाख पाठवला. ही बातमी पसरल्यावर पुढे काय होणार! गुजरातेत बडोदा आणि डभईचे सदा अमीर उठले, त्यांना दाबायला अझीझ गेला आणि तिथेच मारला गेला. मग दौलताबादच्या अमीरांना गुजरातकडे बोलावणं आलं, त्यांना कळलं की आपलं काय होणार आहे, ते अर्ध्या वाटेतून मागे फिरले आणि त्यांनी दौलताबादच घेतलं. १३४७ मध्ये तिथे हसन नावाच्या सरदाराला बहमन शहा म्हणून गादीवर बसवलं. म्हणजे आपण महाराष्ट्राच्या इतिहासात शाळेत जी बहमनी सल्तनत शिकलो तिच्या ठिणग्यांपैकी एक मोठी ठिणगी इथे, आपल्यापासून ६५ किलोमीटरवर पडली होती. बरनी अझीझला शिव्या देतो त्या त्याच्या हलक्या कुळावरून, दारू विकणाऱ्याचा मुलगा म्हणून. मला हे पटत नाही, कूळ कुठलं का असेना, दोष हुकमात होता आणि पाठीवर थाप देणाऱ्या सुलतानात होता.

आता दिलावर खान. मधे फिरोज तुघलक होऊन गेला, त्याने बदल्या कमी केल्या, बापाची जागा मुलाला द्यायची पद्धत पडली, आणि महसुलाचा आकडा एकदाचा ठरवून टाकला, ६ कोटी ७५ लाख टंके. लोकांना बरं वाटलं, राज्य शांत राहिलं, पण मुक्ती लोक त्या त्या ठिकाणी मुरले. फिरोज १३८८ ला वारला आणि दिल्लीत गादीसाठी भांडणं लागली. त्या भांडणांच्या पाचसहा वर्षांतच चार नेमणुका झाल्या, गुजरातला जफर खान, मुलतानला खिज्र खान, जौनपूरला मलिक सरवर आणि माळव्याला आपला दिलावर खान. चौघांची नावं मुलाला पाठ करायला सांगा, कारण चौघांनीही राजघराणी उभी केली! खिज्र खान तर १४१४ मध्ये थेट दिल्लीच्याच गादीवर बसला.

तुमचा मुलगा विचारतोय पकडलं का नाही. अरे बाळा, पकडणार कोण? १३९८ च्या डिसेंबरात तैमूरने दिल्ली लुटली, सुलतान महमूद तुघलक पळाला. आधी गुजरातला गेला, जफर खानाने काही फार विचारलं नाही, मग तो धारला आला. आणि दिलावर खानाने त्याचं मनापासून स्वागत केलं, मालक म्हणूनच वागवलं, दोन एक वर्षं ठेवून घेतलं. दिलावरच्या मुलाला हे अजिबात पसंत नव्हतं. तो रुसून मांडूच्या डोंगरावर गेला आणि तिथला किल्ला पक्का करत बसला, हाच पुढचा होशंग शहा, ज्याची संगमरवरी कबर तुम्ही बघून आलात. १४०१ मध्ये महमूद दिल्लीला परत गेला, आणि मगच दिलावरने राजाची चिन्हं घेतली, छत्र आणि लाल तंबू. नोकर मालक झाला तो मालक घरातून गेल्यावर. मला यात त्या माणसाची काहीतरी लाज दिसते, चांगल्या अर्थाने.

गोष्ट इथे संपत नाही, आणि खरं तर मला सांगायचंय ते पुढेच आहे. दिलावर गेला, होशंग आला, आणि बापाला मुलानेच विष दिलं असं लोक बोलायला लागले. गुजरातचा जफर खान आता मुजफ्फर शहा झाला होता, दिलावरचा जुना दोस्त. तेच कारण सांगून १४०७ मध्ये तो माळव्यावर चालून आला, होशंगला कैद करून घेऊन गेला आणि धारला आपला भाऊ नुसरत खान याला बसवलं. म्हणजे माळवा आता गुजरातचा ताबेदार मुलुख झाला, आणि गुजरात स्वतः कालपरवापर्यंत दिल्लीचा! नुसरत खानाने पैसा काढायला इतका जोर केला की धारचे लोक उठले आणि त्याला फौजेसकट हाकलून लावलं. मांडूला होशंगच्या घराण्यातला मुसा खान उभा केला गेला. शेवटी मुजफ्फर शहाला कैदेतल्या होशंगलाच सोडावं लागलं, सोबत आपला नातू अहमद दिला, ज्याने पुढे १४११ मध्ये अहमदाबाद वसवलं.

नुसरत खानाला हाकलणारे ते लोक कोण होते? सैनिक असतील, बाजारातले व्यापारी असतील, शेतकरी असतील. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने हे २०० वर्षांनी लिहिलं आणि त्यात सरदारांची नावं आहेत, यांच्यातलं एकही नाही. पुढच्या वेळी धारला थांबलात तर लाट मशीद बघा, दिलावर खानाने बांधलेली, १४०५ च्या सुमाराची, तिच्या बाहेर लोखंडी खांबाचे तुकडे ठेवलेत. तिथे उभं राहून मुलाला हे सांगा की याच गावच्या लोकांनी एक गव्हर्नर हाकलला होता.

प्रश्न : तुम्ही दिलावर खानाला सुभेदार म्हणता, आणि आपल्या मल्हाररावांनाही सुभेदारच म्हणतात. ही एकच पोस्ट होती का? आमच्या घरात यावरून वाद झालाय, कृपया निकाल द्यावा. (एक आजोबा, रामबाग)

आजोबा, तुमच्या घरात जो म्हणाला असेल की वेगवेगळं आहे तो बरोबर. माझ्याकडून शब्द सैल वापरला गेला, दिलावर खानाच्या वेळी सुभेदार हा शब्द या अर्थाने चालत नव्हता. मुक्ती, वली, नायब असे शब्द होते. सुभे पाडले अकबराने, १५८० मध्ये, आणि त्या सुभ्याचा प्रमुख तो सुभेदार.

मल्हारबांचं वेगळं आहे. माळव्याची सनद पेशव्यांना बादशहाकडून १७४१ मध्ये मिळाली तीही कागदावर नायब सुभेदारीची, म्हणजे उपसुभेदाराची, सुभेदार म्हणून नाव शहजाद्याचं राहिलं. प्रत्यक्षात मुलुख होळकर, शिंदे, पवार यांच्या हातात होता आणि वसुली कमाविसदार करायचे. मल्हाररावांना सगळे सुभेदार म्हणायचे ते मानाने आणि कामाने. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे, आजोबा. दिलावर काय किंवा आपले मराठे सरदार काय, बादशहाचं नाव पुसायची घाई कुणीच केली नाही. मुलुख स्वतः चालवायचा आणि कागदावर वरचा राहू द्यायचा, यात सगळ्यांचीच सोय होती.

प्रश्न : सर, मी एमपीपीएससीची तयारी करतेय, भंवरकुआंला क्लास लावलाय. आमच्याकडे कॉलनी म्हटलं की डायरेक्ट १६०० नंतर सुरू होतं. त्याच्या आधी युरोपवाल्यांच्या कॉलनी होत्या का आणि त्यांचे गव्हर्नर कसे कंट्रोल करायचे? (एक विद्यार्थिनी)

होत्या ना, आणि त्यांचा अभ्यास केलास तर पुढची ईस्ट इंडिया कंपनी जास्त चांगली कळेल. मी तीन नमुने सांगतो.

पहिला व्हेनिसचा. १२०४ मध्ये व्हेनिसने क्रीट बेटाचा हक्क विकत घेतला, खरोखर पैसे देऊन, आणि कँडिया म्हणजे आजचं हेराक्लिऑन इथे आपला ड्यूक बसवला. नाव ड्यूक, पण हा राजपुत्र वगैरे नाही, नेमलेला माणूस. टर्म दोन वर्षांची. निघताना हातात लेखी हुकमांची वही दिली जायची की काय करायचं आणि काय नाही, सोबत दोन सल्लागार ज्यांना सोडून त्याने मोठा निर्णय घ्यायचा नाही, पदावर असताना व्यापार करायचा नाही, भेटी घ्यायच्या नाहीत. वर सिंदिची नावाचे तपासनीस बोटीने बेटाबेटांवर फिरायचे आणि तिथल्या लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायचे. दिल्लीच्या हिशेबनिसाशी ताडून बघ, दिल्लीचा माणूस बघायचा की सुलतानाचा पैसा बुडाला का, हे तपासनीस निदान कागदावर तरी रयतेलाही विचारायचे. मोठा फरक आहे हा, परीक्षेत लिहिलास तर उठून दिसेल.

आता यावरून तिथे रामराज्य होतं असं समजू नको. १३६३ मध्ये व्हेनिसने कँडियाच्या बंदराच्या दुरुस्तीसाठी नवीन कर लावला, आणि बंड कुणी केलं असेल तर व्हेनिसहून तिथे जाऊन राहिलेल्या जमीनदारांनीच! त्यांचं म्हणणं की ठरवताना आम्हाला विचारलं नाही. त्यांनी ड्यूक लिओनार्दो दांदोलोला कैद केलं, आपल्यातला मार्को ग्रादेनिगो नेमला आणि ग्रीक लोकांचा पाठिंबा मिळावा म्हणून तिथल्या संत तितुसचा झेंडा लावला. पुढच्या वर्षी मे महिन्यात व्हेनिसच्या आरमाराने ते मोडून काढलं. दीडशे वर्षं तिथे राहिलेला माणूस आईबापांच्या गावापेक्षा तिथलाच होतो, हे धारच्या मुक्त्यांना जसं लागू तसंच कँडियाच्या जमीनदारांना.

दुसरा नमुना जिनोआचा, आणि हा मला सगळ्यात आश्चर्याचा वाटतो. काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियात काफा नावाचं त्यांचं बंदर होतं. तिथल्या प्रमुखाला कॉन्सल म्हणायचे, टर्म फक्त एक वर्ष. उतरताना त्याला थांबावं लागायचं, त्याच्या कारभाराची चौकशी बसायची, ज्याला जी तक्रार करायची त्याने करावी, दोषी निघाला तर भरून द्यायचं. एक वर्ष म्हणजे मुरायला वेळच नाही, बरोबर? पण उलटी बाजू अशी की जेमतेम गाव कळतं तोवर बोट लागलेली असते, म्हणून शक्य तेवढं लवकर कमवून घ्यायचं, अशी घाईही त्यातूनच येते. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर काफाचा रस्ताच धोक्यात आला, जिनोआ सरकारकडे पैसा नव्हता, तर त्यांनी काफा चक्क बँकेला देऊन टाकलं! सान जॉर्जो नावाची बँक, सरकारला कर्ज देणाऱ्यांची. ती बँक १४७५ पर्यंत, तुर्कांनी काफा घेईपर्यंत, तिथे अधिकारी नेमत होती. त्याच्याही आधी १३४६ मध्ये किओस बेट जिनोआच्या बोटमालकांनी स्वतःच्या खर्चाने जिंकलं, सरकार त्यांचा खर्च फेडू शकलं नाही म्हणून बेटाचं उत्पन्न त्या मंडळीला लावून दिलं, तिला माओना म्हणत, आणि तिने तिथे मस्तकी नावाच्या झाडाच्या डिंकाच्या व्यापारावर १५६६ पर्यंत कारभार केला. भागीदारांची मंडळी मुलुखाची मालक, हे इंग्रजांनी शोधून काढलेलं नाही.

तिसरा नमुना पोर्तुगालचा, बरोबर याच्या उलटा. मादेइरा आणि शेजारचं पोर्तो सांतो या बेटांवर त्यांनी कप्तान नेमले ते वंशपरंपरेने, बाप गेला की मुलगा. १४४० ते १४५० या दहा वर्षांत तीन जणांना अशी पत्रं मिळाली. पोर्तो सांतोचा कप्तान बार्तोलोमेउ पेरेस्त्रेलो, त्याच्याबद्दल जुन्या बखरींत आहे की त्याने सोबत एक सशीण नेली, ती वाटेत व्याली, पिल्लं बेटावर सोडली आणि सशांनी सगळी पिकं खाऊन टाकली, माणसांना काही काळ बेट सोडावं लागलं. याच पेरेस्त्रेलोची मुलगी कोलंबसची बायको. आणि कोलंबसने १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीकडून काय मागून घेतलं बघ, जी जमीन सापडेल तिची गव्हर्नरी, तीही वंशपरंपरेने! सासरी जे चालत होतं तेच. १५०० मध्ये त्याच्या कारभाराच्या तक्रारी इतक्या गेल्या की राणीने बोबादिया नावाचा चौकशी अधिकारी पाठवला आणि त्याने कोलंबसला बेड्या घालून परत धाडलं.

एक मुद्दा अजून, सुटसुटीत. बाहेरचा गव्हर्नर पाठवला तर त्याला गाव कळत नाही, तिथलाच नेमला तर तो मालक होऊन बसतो, हा पेच सगळीकडे होता. आयर्लंडमध्ये इंग्लंडच्या राजाचा डेप्युटी म्हणून किल्डेरचा अर्ल होता, तिथलाच बडा माणूस. १४८७ मध्ये त्याने डब्लिनमध्ये एका लहान मुलाला खरा इंग्लंडचा राजा म्हणून मुकुट घातला! बंड फसलं, तरी सातव्या हेन्रीने त्याला माफ केलं, मधे काढलं आणि १४९६ मध्ये पुन्हा त्यालाच नेमलं. कारण त्याच्याशिवाय तो मुलुख चालवायचा तर फौज लागली असती आणि फौजेला पैसा.

प्रश्न : अहिल्याबाईंच्या गावात राहतो म्हणून विचारते. तुम्ही सांगताय त्या जुन्या काळात कुठे बाईच्या हातात असा मुलुख होता का, का सगळे पुरुषच? (एक ताई, लोकमान्य नगर)

ताई, होत्या, पण नेमलेल्या अशा कमी, बहुतेक ठिकाणी मुलगा लहान म्हणून आईने सांभाळलं असंच झालं. पोर्तुगालच्या राजघराण्यातली बेआत्रिझ, नवरा १४७० मध्ये गेला, मुलं लहान, मादेइरा आणि अझोरेस बेटांचा कारभार तिच्याकडे आला. तिने तो नीट चालवला, १४७४ मध्ये तेर्सेइरा बेटाचे दोन भाग करून दोन कप्तान नेमले. ती स्वतः बेटांवर राहत नव्हती, कागदावरून आणि माणसांकडून काम घ्यायची.

दुसरी बेआत्रिझ, बोबादिया आडनावाची, कॅनरी बेटांपैकी ला गोमेराची. हे सांगताना मला वाईट वाटतं. तिथल्या मूळ लोकांनी १४८८ मध्ये तिच्या नवऱ्याला मारलं, तो जुलमी होताच, आणि मग तिने ग्रान कनारियाचा गव्हर्नर पेद्रो दे वेरा याच्या मदतीने असा सूड घेतला की माणसं मारली आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं. स्पेनच्या दरबारात तक्रार गेली, एका बिशपने ती लावून धरली, आणि विकलेल्यांना सोडा असा हुकूम निघाला. कोलंबस १४९२ मध्ये पुढे निघायच्या आधी याच बेटावर थांबला होता. बाई आहे म्हणून कारभार मायेचा होईल असं काही नसतं ताई, आणि म्हणूनच अहिल्याबाईंनी जे केलं ते त्यांचं स्वतःचं होतं, त्याचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं.

प्रश्न : सर तुम्ही सगळे लुटारूच सांगताय. एक तरी धड माणूस होता का असा, ज्याला तिथल्या लोकांनी चांगलं म्हटलं? (एक वाचक, राजेंद्र नगर)

होता. नाव ह्वांग फू, चिनी. १४०७ मध्ये मिंग बादशहाने व्हिएतनाम जिंकून आपला प्रांत केला आणि तिथल्या मुलकी कारभारावर याला पाठवलं. जवळजवळ सतरा वर्षं तो तिथे होता. कर हलके ठेवायचा, बारीकसारीक गोष्टींत स्वतः लक्ष घालायचा, खालच्या अधिकाऱ्यांना समजावत राहायचा की लोकांना त्रास देऊ नका. त्याच वेळी बादशहाने मा ची नावाचा खोजाही तिथे पाठवलेला, तो सोनं, मोती गोळा करायला लोकांना पिळून काढायचा, आणि ह्वांग फू त्याला आडवा जायचा म्हणून त्याची खोटी चुगलीही केली गेली. एकटा माणूस चांगला असून किती पुरणार हो! राज्य परक्यांचंच होतं. १४१८ मध्ये तिथलाच ले लोई मिंगांविरुद्ध उठला आणि लढाई वाढत गेली.

१४२४ मध्ये ह्वांग फूला परत बोलावलं. त्यानंतर सगळं आणखी बिघडलं तेव्हा १४२७ मध्ये त्याला पुन्हा पाठवलं, एका मोठ्या फौजेबरोबर. चि लांगच्या खिंडीत त्या फौजेचा सेनापती मारला गेला, फौज उधळली आणि ह्वांग फू पकडला गेला. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. ज्यांनी त्याला पकडलं होतं त्यांनीच त्याचा हात धरला, मिंगांच्याच इतिहासात हे लिहिलंय, ते रडायला लागले आणि म्हणाले की तुम्ही आमचे आईबाप, तुम्ही गेला नसता तर आमच्यावर ही वेळ आली नसती. मग त्याला वाटखर्चाला चांदी दिली, शिधा दिला, पालखीत बसवलं आणि सरहद्दीपर्यंत पोचवून आले.

सरहद्द ओलांडून लुंगचौ गावी पोचल्यावर ह्वांग फूने ती चांदी आणि मिळालेलं सगळं सामान सरकारात जमा केलं.